बिटाच्या रसाने बुडी लांबेल, धोका टळणार नाही

शापोरा नदीच्या पेडणे काठावर असो वा डिचोलीतील खाणींच्या पाणी भरलेल्या खंदकांत, बुडी मारणाऱ्याची सारी भिस्त रोखलेल्या श्वासावर असते. बिटाच्या रसातील किंवा आपल्या तांबड्या भाजीतील नायट्रेटमुळे शरीराची प्राणवायूची गरज किंचित घटू शकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिटाचा रस घेतलेल्या १२ सराईत पाणबुड्यांचा श्वास रोखण्याचा काळ सरासरी २५० सेकंदांवरून २७८ सेकंदांवर गेला. मात्र हा प्रयोग पाण्याबाहेरचा होता. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते. बुडीपूर्वी भराभर श्वास घेतल्यास ती लांबते आणि प्राणवायू संपून शुद्ध हरपते. हा धोका कोणताही पूरक आहार टाळत नाही. म्हणून खंदकात उतरू नये आणि नदीतही सावध सोबत्याविना बुडी मारू नये.