बेचाळीस दिवस, अडीचशे रुपये

पहाटे ५.४५
गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. रात्रभर पाऊस. गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी चूल पेटवलीय, भात शिजतोय. शिवारात रोवणी लागलीय. मजुरी अडीचशेच्या आसपास. आज त्या बांधीत उतरणार नाहीत. टोल्यावरच्या बाळाचा आज सातवा दिवस, तपासणीच्या भेटीचा.

८.१०
पिशवी तपासून होते. थर्मामीटर, झोळीचा काटा, सेकंद दाखवणारं घड्याळ, ब्लँकेट, फॉर्म. घड्याळाचा सेल संपला होता. नवा स्वतःच्या पैशातून, वीस रुपये.

९.००
नाल्यापर्यंत सायकल, पुढे पायी. घरात शिरताच बाळाला हात नाही. आधी बांगड्या काढायच्या, कोपरापर्यंत साबण लावायचा, मग हात वर धरून तसेच वाळू द्यायचे. लुगड्याला पुसले की धुणं वाया.

"पूजेले बसली का व बाई?" आजी विचारते.

"तसंच समजा, आजी."

९.१५
काखेत थर्मामीटर: ९७.९. मग काटा. आधी रिकामी झोळी अडकवून शून्यावर आणायचा, मग बाळ. काटा डोळ्यांसमोर धरायचा, दंड थरथरला तरी. पिवळा पट्टा, दोन किलो तीनशे.

आता श्वास. अंगडं वर, नजर पोटावर, घड्याळ शेजारी. एक मिनिट. चौसष्ट! साठ किंवा जास्त आले की पुन्हा मोजायचे. बाळ नुकतंच रडून थांबलंय. ताई थांबतात. दुसऱ्यांदा बावन्न. कुणी काही बोलत नाही. आई बाळाला छातीशी घेते.

ही पद्धत याच तालुक्यातल्या शोधग्रामच्या डॉक्टर दांपत्याची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांच्या हाती नवजात बाळांची तपासणी दिली, जंतुसंसर्गावरचं इंजेक्शनसुद्धा. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये हे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आलं. झोळी आली, घड्याळ आलं. इंजेक्शन पिशवीत आलं नाही. मला विचाराल तर खरी हिंमत त्या सुईतच होती.

११.३०
दुसरं घर, अठ्ठाविसावा दिवस. बाळ गुटगुटीत. काम पंधरा मिनिटांत उरकतं. चहा मात्र घ्यावाच लागतो.

दुपारी २.००
उपकेंद्र. गटप्रवर्तक ताई फॉर्म चाळतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८, ४२. सगळ्या मिळून अडीचशे रुपये, तेही वजनाची नोंद, जन्मनोंद, लसी झाल्यावर आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप असतील तर.

"हिची जन्मनोंद राहिली," त्या एका फॉर्मवर बोट ठेवतात.

"ग्रामसेवक दोनदा भेटले नाहीत, ताई."

"मग तिसऱ्यांदा जा."

५.३०
ग्रामपंचायतीला कुलूप. टोल्यावरच्या बाळाची पुढची भेट येत्या बुधवारी. उद्या मात्र रोवणी. बांधीवाल्याला तसं सांगून त्या घराकडे वळतात.