क्यूटी : फुकटही, विकतही

खिडक्या, बटणं, मेन्यू हे पडद्यावरचं सामान प्रत्येक प्रोग्रॅमरला नव्याने घडवावं लागू नये, म्हणून होवार्ड नूर आणि आयरिक शांबे-एंग या दोन नॉर्वेजियन मित्रांनी क्यूटी हे टूलकिट लिहायला घेतलं. १९९४ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे ट्रोलटेक झाली. सुरुवातीला घर चालवलं ते दोघांच्या बायकांच्या पगारावर. १९९६ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीने दहा परवाने विकत घेतले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्याच वर्षी लिनक्ससाठी केडीई हा डेस्कटॉप क्यूटीवर उभा राहू लागला. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा रास्त प्रश्न होता: उद्या कंपनी विकली गेली किंवा मालकांचं मन बदललं, तर केडीईने कुठे जायचं? शब्दावर भरवसा ठेवा, असं सांगून भागणार नव्हतं. १९९८ मध्ये ट्रोलटेकने केडीईबरोबर एक प्रतिष्ठान स्थापन केलं. ठरलेल्या मुदतीत क्यूटीची मुक्त आवृत्ती आली नाही, तर शेवटची आवृत्ती अगदी सैल परवान्याखाली सर्वांना खुली करण्याचा हक्क या प्रतिष्ठानला मिळाला. मंडळावर दोन्हीकडचे दोन-दोन सदस्य, आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत केडीईचं. मालकाने स्वतःचेच हात इतके पक्के बांधून घेतल्याची उदाहरणं फार नाहीत. माझ्या मते क्यूटीची खरी कमाई हा करारच आहे.

२००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आलं. क्यूटी वापरून केलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा असेल, तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या, ही जीपीएलची अट. ज्याला आपला कोड उघडा करायचा नाही, त्याने पैसे मोजून वेगळा परवाना घ्यायचा. टूलकिट तेच, विकली जाते ती अटीतून सूट. मात्र अशी सूट देण्याचा अधिकार एका हातात हवा. म्हणून बाहेरून कोड पाठवणाऱ्यालाही कंपनीशी करार करावा लागतो. आपल्या श्रमावर दुसऱ्याने परवाने विकावेत, हे अनेकांना खटकतं, आणि ते खटकणं मला पटतं.

२००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक घेतली. नोकियाची कमाई फोनवर, त्यामुळे २००९ मध्ये तिने एलजीपीएलचा सैल पर्यायही दिला: क्यूटी वापरा, स्वतःच्या प्रोग्रॅमचा कोड बंद ठेवला तरी चालेल. पुढे मालकी फिनलंडच्याच डिजियाकडे आणि तिथून क्यूटी कंपनीकडे गेली. २०१६ पासून एलजीपीएलची तिसरी आवृत्ती लागू झाली: ग्राहकाला उपकरणातलं क्यूटी काढून स्वतः सुधारलेलं क्यूटी बसवता आलं पाहिजे. मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये अशी ढवळाढवळ उत्पादकाला नको असते. तो पैसे भरतो.

२०२० मध्ये कंपनीने दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवायचं जाहीर केलं. मुक्त आवृत्त्याही बारा महिने रोखण्याचा विचार चालू असल्याचं केडीईच्या प्रतिनिधीने उघड करताच गदारोळ झाला, आणि मुक्त क्यूटीशी आपण बांधील आहोत, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. ५.१५ आवृत्तीच्या त्या राखीव दुरुस्त्या वर्षभराच्या अंतराने खुल्या होऊ लागल्या. मधल्या काळासाठी केडीईने आवश्यक दुरुस्त्यांचा स्वतःचा संग्रह २०२१ पासून सांभाळायला घेतला.