शीतन प्रणालीतील प्रतिबंधक भागबदल

जुन्या मोटारगाडीच्या शीतन प्रणालीतील रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, जलपंप इ. भाग निकामी होण्यापूर्वीच ठराविक मुदतीने बदलणे, यास प्रतिबंधक भागबदल म्हणतात. मुंबईच्या ‘प्रीमिअर पद्मिनी’ (मूळ फियाट ११००) टॅक्सींवरून त्याचे महत्त्व स्पष्ट होते. या गाडीच्या एंजिनाचा ठोकळा बिडाचा व शीर्ष ॲल्युमिनियमाचे असते. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे नळी फुटून पाणी निघून गेल्यावर गाडी थोडा वेळ जरी चालविली, तरी शीर्ष वाकते, गॅस्केट जळते आणि एका नळीच्या किमतीपायी टॅक्सीचालकाची अनेक दिवसांची कमाई बुडत असे.

परळ-लालबागच्या गर्दीत हा धोका विशेष असतो. पंखा व पंप एकाच पट्ट्यावर चालतात. एंजिन संथ असता दोन्ही मंदावतात व समोरचा वाराही मिळत नाही. रबर पुष्कळदा आतून आधी कुजते, म्हणून नळी थंड असताना दाबून पाहावी. ती फार मऊ किंवा ताठर लागल्यास बदलावी. पट्टा काढला असता पंपाच्या बेअरिंगची खुळखुळ तपासून घेणे सोयीचे असते. काही कारागीर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. परंतु त्याने एंजिन उशिरा तापते व झीज वाढते, तेव्हा हा उपाय नव्हे.

ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. हौशी मालकांच्या खाजगी पद्मिनी मात्र अद्याप आहेत व त्यांना हीच निगा लागते.