शाईचा हिशेब : घरच्या घरी कार्ट्रिज भरताना

मार्चअखेरच्या आठवड्यात व्यापारी घरांतील दिवे उशिरापर्यंत जळत असतात. खतावणीचा मेळ लागलेला असतो, करसल्लागाराकडे सकाळी कागद पोहोचवावयाचे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी प्रिंटरमधून बाहेर येणाऱ्या पानावर पांढरे पट्टे उमटू लागतात. बाजार बंद झालेला असतो. आणि उघडा असता तरी नव्या कार्ट्रिजचा भाव ऐकून घरातील वडीलधारी मंडळी एकदा तरी म्हणतातच, की यात थोडे आणखी घातले तर नवा प्रिंटर येईल. हे बोलणे वैतागाचे असले तरी त्यात तथ्य आहे.

घरगुती इंकजेट प्रिंटर अल्प नफ्यात विकावयाचा आणि खरी कमाई पुढे शाईतून करावयाची, ही या धंद्याची जुनी रीत होय. तराजू स्वस्तात देऊन वजने महाग विकण्यासारखाच हा प्रकार, हे पेढीवर बसलेल्या माणसाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. उदाहरणादाखल असे धरू, की काळ्या कार्ट्रिजला ८०० रुपये पडले आणि त्यातून २०० पाने निघाली. म्हणजे पानामागे ४ रुपये केवळ शाईचे झाले. आता बाहेरून आणलेल्या शाईची १०० मिलिलिटरची बाटली ३०० रुपयांना मिळाली आणि एका वेळी ८ मिलिलिटर भरली, तर तेवढ्याच पानांना २४ रुपये, म्हणजे पानामागे १२ पैसे. प्रत्येकाने यात आपापल्या बिलावरील आकडे घालून पाहावेत. मात्र खोक्यावर छापलेली पानांची संख्या जशीच्या तशी धरू नये. ती ठरावीक नमुन्याच्या मजकुरावर मोजलेली असते. जाड रेघा आणि मोठे बोधचिन्ह असलेली बिले छापणाऱ्यास तेवढी पाने मिळत नाहीत.

चार रुपये आणि बारा पैसे यांतील अंतर पाहून कोणाचाही हात सिरिंजकडे वळेल. परंतु या हिशेबात दोन रकमा अद्याप मांडलेल्या नाहीत. एक कार्ट्रिजच्या आयुष्याची आणि दुसरी कागदाच्या आयुष्याची.

कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी, अशी सर्वसाधारण समजूत असते. एच.पी. आणि कॅनन यांच्या अनेक लहान प्रिंटरांत ती अपुरी ठरते, कारण छपाईचा मुख्य भाग, ज्याला हेड म्हणतात, तोच कार्ट्रिजच्या तळाशी बसवलेला असतो. डबीच्या आत स्पंज असतो. तो शाई धरून ठेवतो आणि लागेल तेवढीच खाली सोडतो. तळाशी केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात व प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि त्याच्या दाबाने एक थेंब कागदावर उडतो. या युक्तीचे मूळ १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत घडलेल्या एका योगायोगात सांगितले जाते : इचिरो एंडो या संशोधकाच्या मेजावर तापलेली कथिलाची इस्त्री शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. ज्या सिरिंजने आज घरोघर शाई भरली जाते, तीच या यंत्राच्या जन्मालाही हजर होती म्हणावयाचे.

या तापकांना थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. शाई संपल्यावरही पाने काढत राहिले की तापक कोरडे जळतात, आणि एकदा जळलेले छिद्र पुन्हा उघडत नाही. म्हणूनच 'पूर्ण रिकामे होऊ दे, मग भरू' ही काटकसर येथे उलटी पडते. शिवाय पूर्ण वाळलेला स्पंज नवी शाई सारखी शोषत नाही. मध्ये हवा अडकते आणि डबी भरलेली असूनही पान कोरडे येते. अक्षर फिके होऊ लागले, पहिला पट्टा दिसला, की काम थांबवून शाई भरावी. घरी भरलेली कार्ट्रिजे लवकर निकामी होतात, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा शाईत नसून या उशिरात असते.

दुसरी रक्कम कागदाची, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने तीच मोठी. प्रिंटरची शाई दोन जातींची असते. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो. तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ती पिगमेंट शाई. बऱ्याच घरगुती प्रिंटरांत रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय आणि काळ्यात पिगमेंट अशी योजना असते, कारण काळी शाई मुख्यतः मजकुरासाठी असते व मजकूर टिकावा लागतो. डाय कागदाच्या तंतूंत मुरते. पाण्याचा थेंब पडला की पसरते आणि उन्हात फिकी होते. पिगमेंटचे कण कागदाच्या वरच्या थरात बसतात आणि ओल व ऊन दोन्ही बरेच सोसतात. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र 'सगळ्यांना चालते' असे सांगून काळी डाय शाईच हाती दिली जाते. ती स्वस्त असते, छिद्रांत अडकत नाही आणि पहिल्या दिवशी पान सुरेख दिसते.

तिची परीक्षा पावसाळ्यात होते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या नियमांनुसार मालाच्या बीजकाच्या तीन प्रती काढाव्या लागतात : मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पेढीची. वाहतूकदाराची प्रत ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या ओल्या हातात फिरते. भर जुलैत घाटात गाडी तपासणीला थांबली आणि बीजकावरील क्रमांक निळसर डागात विरून गेलेला असला, तर बाटलीमागे वाचलेल्या दोनशे रुपयांचा हिशेब करण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही. पेढीच्या प्रतीचे दुखणे सावकाश दिसते. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. खिडकीजवळच्या फळीवर ऊन खाणारी डाय शाईतील बिले तितका काळ वाचनीय राहतीलच, असा भरवसा कोणी देऊ नये.

येथे एक जुनी गोष्ट आठवणे अस्थानी होणार नाही. कारंजा, पाटण, जैसलमेर येथील ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते आजही वाचता येतात, ती काजळ आणि डिंक घोटून केलेल्या काळ्या शाईमुळे. काजळ म्हणजे कार्बन. आजच्या काळ्या पिगमेंट शाईतही कार्बनचेच कण असतात. लेखनिकाचा बोरू गेला, छपाईचे हेड आले, पण टिकणारा काळा रंग बदललेला नाही.

तात्पर्य, बाटली घेताना आपल्या कार्ट्रिजचा क्रमांक सांगून मूळ शाई कोणत्या जातीची आहे ते पाहावे आणि तीच जात घ्यावी. एकाच डबीत दोन्ही मिसळू नयेत. कण साकळून छिद्रे बुजण्याची भीती असते. पिगमेंटची बाटली वापरण्यापूर्वी हलकेच हलवावी. बाटली उघडल्याची तारीख वर लिहून ठेवावी आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.

प्रत्यक्ष भरण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. पण ते घाईत, पांढऱ्या कपड्यांत आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये. जमिनीवर रद्दीच्या वर्तमानपत्रांची जाड घडी पसरावी, हातांत रबरी मोजे घालावेत. कार्ट्रिजच्या माथ्यावरील चिठ्ठी जपून उचलली की खाली छिद्रे दिसतात. रंगीत डबीत तीन कप्पे असतात आणि कोणत्या छिद्राखाली कोणता रंग, हे प्रत्येक क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये सारखे नसते. स्वच्छ दातकोरणी आत बुडवून रंग पाहावा. प्रत्येक छिद्राला नवी काडी. या एका मिनिटाचा कंटाळा केला की पिवळ्यात निळा जातो, आणि पुढची सारी फुले हिरवी छापली जातात.

सुई स्पंजात मध्यापर्यंत न्यावी आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबावा. जोराने दाबल्यास हवेचे बुडबुडे स्पंजात अडकतात. छिद्राशी शाई चमकू लागली की थांबावे आणि वर आलेला थेंब सिरिंजनेच परत ओढावा. काठोकाठ भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. जादा भरलेली डबी प्रिंटरच्या आत गळते आणि मग यंत्राची साफसफाई नव्या कार्ट्रिजहून महाग पडते. चिठ्ठी पुन्हा लावताना हवेची वाट बुजवू नये, नाहीतर आत पोकळी होऊन शाई उतरत नाही. नंतर तळाचा भाग दुमडलेल्या टीपकागदावर क्षणभर टेकवावा, घासू नये. काळ्याचा एक सलग पट्टा किंवा तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले, की काम साधले. न उमटल्यास कोमट पाण्याने ओलसर केलेल्या कागदावर तळ दोन मिनिटे टेकवून पुन्हा पाहावे. तांब्याच्या रंगाच्या संपर्कपट्टीला बोट लावू नये.

प्रिंटरमध्ये बसवल्यावर पडद्यावर 'शाई संपली' अशीच सूचना येत राहते. डबीतील इलेक्ट्रॉनिक नोंद शाई पाहत नाही, उडवलेले थेंब मोजते. तिच्या लेखी ही डबी रिकामीच. बहुतेक लहान प्रिंटर ही सूचना बाजूला सारून छपाई चालू ठेवू देतात. पान फिके आले म्हणून साफसफाईची आज्ञा मात्र पुन्हा पुन्हा देऊ नये. त्या प्रत्येक वेळी पुष्कळ शाई यंत्राच्या तळातील शोषक गादीत वाया जाते, आणि ती गादी भरली की काही प्रिंटर चालण्यासच नकार देतात.

कार्ट्रिज विकत घेतल्यावर ते पुन्हा भरण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेक्समार्क कंपनीने पुनर्भरित कार्ट्रिज विकणाऱ्यांवर पेटंटच्या आधारे दावा केला. ती लेझर प्रिंटरची टोनर कार्ट्रिजे होती, पण प्रश्न तोच होता. ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की माल एकदा विकला की त्यावरील पेटंटाचा हक्क संपतो, विक्रीच्या वेळी अट घातली असली तरीही. कंपन्यांनी मग न्यायालयापेक्षा चिपवर अधिक भिस्त ठेवली. परक्या चिपची कार्ट्रिजे नाकारणारे प्रिंटर बाजारात आहेत. नवा प्रिंटर घेताना ही चौकशी भावाआधी करावी.

बाजाराचे दुसरे उत्तर अधिक सरळ आले. लोक डबीला नळ्या जोडून बाहेरच्या टाकीतून शाई पुरवत आहेत, हे पाहून एप्सनने २०१० साली इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी जोडलेला प्रिंटर आणला. आज भारतातही अनेक पेढ्यांत असेच प्रिंटर दिसतात. दिवसाला वीस-पंचवीस बीजके काढणाऱ्या पेढीने सिरिंजच्या नादी लागूच नये. तिला टाकीचा प्रिंटर किंवा काळा लेझर परवडतो. घरी भरणे शोभते ते महिन्याला तीस-चाळीस पाने काढणाऱ्या कुटुंबाला, ज्यात मुलांचे प्रकल्प, एखादे प्रवासाचे तिकीट आणि सुटीच्या दिवशी लागलेले एखादे बिल येते. अशा घरात आठवड्यातून एक रंगीत पान काढण्याची सवय ठेवावी, म्हणजे छिद्रे वाळत नाहीत. काही वेळा भरल्यानंतर केव्हातरी रेषा कायमच्या तुटक येतील. तेव्हा ते हेड संपले असे समजावे आणि नवे कार्ट्रिज आणावे. जुने मात्र भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही स्पष्ट उल्लेख आहे. पिशवीत बंद करून ते ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावरच द्यावे.