पोटातील गाठ क्षयाचीच असते असे नाही

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाला दीर्घकाळ ताप येतो, वजन घटते, पोट दुखते आणि तपासताना हाताला गाठ लागते, तेव्हा डॉक्टरांच्या मनात पहिला विचार येतो तो आतड्याच्या क्षयाचा. आपल्याकडील क्षयाचे प्रमाण पाहता तो स्वाभाविकच आहे. मात्र क्वचित प्रसंगी या गाठीमागे ‘बॅसिडिओबोलस रॅनारम’ नावाची बुरशी असते.

माती, कुजका पालापाचोळा आणि बेडूक, पाल, सरडा यांचे आतडे ही तिची वसतिस्थाने. १८८६ मध्ये तिचे वर्णन झाले तेही बेडकाच्या विष्ठेवरून. भारतात ती प्रामुख्याने त्वचेखालील गाठींमुळे परिचित आहे. आतड्यातील संसर्गाच्या नोंदी सौदी अरेबिया, इराण आणि अमेरिकेतील ॲरिझोना येथून अधिक आल्या. दूषित माती किंवा अन्न पोटात गेल्याने तो होत असावा, असा तर्क आहे. रोगप्रतिकारशक्ती उत्तम असलेली मुलेही त्याला बळी पडतात.

निदानाचा पहिला धागा साध्या रक्ततपासणीत सापडतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या असतात. परंतु जंतांमुळेही त्या वाढतात. त्यामुळे जंताचे औषध देऊन विषय संपवला जातो. औषधानंतरही पेशी उतरल्या नाहीत आणि गाठ कायम राहिली, तर गाठीचा तुकडा तपासणे अपरिहार्य ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, पातळ भिंतीचे तंतू आणि त्यांभोवती गडद गुलाबी आवरण दिसते. येथे एक बारीकशी चूक महागात पडते. संपूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर बुरशी मरते आणि प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. म्हणून त्याचा काही भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण पाठवताना बुरशीची शंका चिठ्ठीत लिहिली, तर पुढचे काम सोपे होते.

उपचार प्रदीर्घ असतात. इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल अनेक महिने द्यावे लागते. आतडे अडले वा फुटले तर शस्त्रक्रियाही करावी लागते. २०२१ च्या काळ्या बुरशीच्या साथीत घराघरांत माहीत झालेले ॲम्फोटेरिसिन येथे अनेकदा निष्प्रभ ठरते. क्षयाचे औषध ‘करून पाहू’ म्हणून चालू ठेवण्यातही धोका आहे: त्यातील रिफाम्पिसिनमुळे इट्राकोनॅझोलचे रक्तातील प्रमाण इतके घटते, की बुरशीवरील उपचार सुरू असूनही मुलाला त्याचा लाभ मिळत नाही.