मोटारीची नाडी

सावद्यातल्या एखाद्या गॅरेजात मोटारीला जोडलेला जुना संगणक तुम्ही पाहिला आहे का? अमेरिकेत 1996 पासून नव्या मोटारींना सोळा पिनांचे सॉकेट सक्तीचे झाले. पुढे ते आपल्याकडेही आले. त्यातून संगणक दोषाचा संकेत वाचतो. ‘पी 0301’ म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन नीट जळत नाही. पण थर्मामीटर ताप सांगतो, कारण नव्हे. दोष प्लगचा की कॉइलचा, हे तपासूनच ठरते. म्हणून संकेत आधी वहीत टिपा, मगच पुसा. जोडणी होत नसेल, तर केबल, पोर्ट क्रमांक आणि इग्निशन पाहा. जुन्या प्रोग्रॅमने मोटारीच्या स्मृतीत काही लिहू नका. मध्येच वीज गेली तर ती निकामी होईल. बंद गॅरेजात इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो प्राण घेतो.