न दिसणाऱ्या मालाची पेढी

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत, रोपवेच्या तळाशी, आता ताकाच्या पेल्याचे पैसेही मोबाइलवरून चुकते होतात. महाडच्या बाजारपेठेत तर रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेल्याला बराच काळ लोटला. दिवाळीला चोपडापूजन होते, पण ती वही बहुधा पूजेपुरतीच राहते. असे असूनही घरातल्या मुलाने ‘मी सॉफ्टवेअरचा धंदा काढतो’ म्हटले, की गादीवरच्या वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : यात माल कुठे आहे? गोदाम नाही, वजनकाटा नाही, तारण ठेवावे असे काही नाही. या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. कर्जाचा अर्ज हाती घेतल्यावर बँकाही अनेक वर्षे नेमके हेच विचारीत आल्या. पुण्याच्या काटकर बंधूंची हकीकत या प्रश्नाला धरूनच वाचावी.

काटकर कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत नोकरीला, बिऱ्हाड शिवाजीनगर भागात. थोरले कैलास दहावीनंतर पुढे शिकले नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात महिना 400 रुपयांवर ते लागले. हे 1980 चे दशक. तेव्हा कॅल्क्युलेटर ही फेकून देण्याची वस्तू नव्हती. बिघडला की दुरुस्त करून वापरायचा. दुकानाच्या गिऱ्हाइकांत बँका होत्या, आणि अशाच एका बँकेत कैलास यांनी प्रथम संगणक पाहिला.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने 1984 साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली होती. शाखाशाखांतून खतावणीची यंत्रे येऊ लागली होती आणि नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोधही चालू होता. काउंटरच्या आत बसलेल्या पुष्कळांना त्या यंत्राची धास्ती वाटली. बाहेरून दुरुस्तीला आलेल्या तरुणाने मात्र ओळखले, की आपण ज्या वस्तूवर पोट भरतो तिचे दिवस भरत आले आहेत. त्याने फावल्या वेळात संगणकाची दुरुस्ती शिकून घेतली.

1990 च्या सुमारास सुमारे 15,000 रुपयांच्या भांडवलावर कैलास यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. 1993 मध्ये त्याची ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ झाली. परंतु त्यांची सर्वांत दूरदर्शी गुंतवणूक दुकानातली नव्हतीच. धाकटा भाऊ संजय याने संगणकशास्त्रच घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि मॉडर्न महाविद्यालयातील त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. स्वतःचे शिक्षण सुटलेल्या थोरल्याने धाकट्याच्या शिक्षणावर दुकानाची कमाई घालावी, ही आपल्या घरांतून अनोळखी गोष्ट नाही. एरवी ती वंशावळीच्या वहीत राहते, ताळेबंदात दिसत नाही. इथे पुढे ती ताळेबंदातही दिसली.

दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत एक चमत्कारिक दोष वाढू लागला होता. यंत्र ठणठणीत, तरी काम बंद. कारण व्हायरस. फ्लॉपीवरून तो एका यंत्रातून दुसऱ्यात शिरे. संगणक-व्हायरसच्या इतिहासातही दोन भाऊच भेटतात. वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस ‘ब्रेन’ 1986 साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिला, आणि त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला! त्यानंतरचे व्हायरस इतके सभ्य नव्हते. 6 मार्च या तारखेला जागा होणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने 1992 मध्ये जगभर घबराट उडवली होती.

संजय यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहिले. दुरुस्तीच्या टेबलावर ते कामी येऊ लागले, तेव्हा सगळे एकत्र करून 1995 मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. परदेशी कंपन्यांची नावे मोठी होती. पण नाशिक-सोलापूरच्या व्यापाऱ्याचा संगणक ऐन विवरणपत्राच्या मुदतीत बंद पडला, तर त्या कंपन्यांचा माणूस येणार कुठून? काटकरांनी किंमत कमी ठेवली, विक्री गावोगावच्या संगणक विक्रेत्यांकडे आणि दुरुस्ती करणाऱ्यांकडे सोपवली, आणि अडचण आली तर माणूस उपलब्ध ठेवला. दुरुस्तीवाल्याचे मन दुरुस्तीवाल्यालाच कळणार. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली.

आता मालाच्या प्रश्नाकडे यावे. हा माल कुजत नाही, घटत नाही. पण दररोज जुना होतो, कारण दररोज नवा व्हायरस जन्माला येतो. त्यामुळे गिऱ्हाईक वर्षाअखेर पुन्हा दाराशी येते आणि नूतनीकरणाचे पैसे मोजते. मात्र त्यासाठी अभियंत्यांचे पगार गल्ला भरो न भरो, महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. हीच या धंद्यातली खरी साठवण. इमारत, यंत्रे आणि शिल्लक माल यांच्या तारणावर कर्ज देण्याच्या जुन्या रीतीत ती कोणत्याच रकान्यात बसत नसे. म्हणून दुरुस्तीच्या मिळकतीवर सॉफ्टवेअर पोसले गेले, आणि ते पायावर उभे राहिल्यावर दुरुस्ती मागे पडली. चालते दुकान मागे टाकण्याचा हा निर्णय आपल्या पेढ्यांना सर्वांत जड जातो.

2007 मध्ये कंपनीचे नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले. 2010 मध्ये सिकोया कॅपिटलने 60 कोटी रुपये गुंतवले. फेब्रुवारी 2016 मध्ये सुमारे 451 कोटींची समभागविक्री झाली. भाव 321 रुपये. बाजाराने स्वागत मात्र कोरडे केले : नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली गेला. पंचवीस वर्षे गिऱ्हाइकाला उत्तर देणाऱ्या मालकांना आता दर तिमाहीला अनोळखी भागधारकांनाही उत्तर द्यायचे होते.

त्यातच मायक्रोसॉफ्टने 2012 पासून विंडोजमध्येच फुकट संरक्षण अंतर्भूत केले होते. शेजारच्या दुकानदाराने तोच माल मोफत वाटायला काढावा, तशी ही स्थिती. दुसरीकडे धोका वाढतच होता. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. पूर्वीचा व्हायरस वही फाडी, हा वही पळवून नेऊन तिचे मोल मागू लागला. घरगुती गिऱ्हाइकाला फुकटचे पुरत असले, तरी कारखाने, रुग्णालये आणि पतसंस्था यांना ते पुरणार नव्हते. ‘सेकराइट’ या नावाने कंपनी या संस्थांच्या बाजारात उतरली. इथे स्पर्धक वेगळे आणि विक्रीची तऱ्हाही वेगळी. गल्लीतल्या विक्रेत्याच्या ओळखीवर हे काम होत नाही.

2023 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून विशाल साळवी यांची नेमणूक झाली. ते इन्फोसिसमध्ये माहिती-सुरक्षेचे प्रमुख होते; काटकर कुटुंबातले नव्हेत. गादी घरात आणि कारभार बाहेरच्या जाणकाराच्या हाती, ही व्यवस्था जमवताना हिशेबापेक्षा मन मोठे करावे लागते. कॅल्क्युलेटरचे दिवस सरत आल्याचे ज्याने बँकेच्या काउंटरवर ओळखले होते, त्याच कैलास काटकरांच्या कंपनीने ही वाट धरली.